प्रश्न तुमचे : प्रोबॅबिलिटीचा इतिहास लिहून पोट भरते का?

मागच्या अंकात फासे आणि नाणेफेक यांच्यावर लिहिलं होतं, त्याच्यावर पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज बरेच आले, त्यातले पाच इथे घेते. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त गेली आहे, पण तो विचारणारी एकटी नाही, दरवर्षी कोणी ना कोणी पोरगी हेच विचारते, म्हणून यावेळी सविस्तर.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी बीएस्सी फायनलला आहे, मॅथ्स-स्टॅट घेऊन, आमचं गाव पुसदपासून बरंच आत आहे. मला गणितं सोडवायला आवडतातच पण त्याहून जास्त हे जाणून घ्यायला आवडतं की हा फॉर्म्युला पहिल्यांदा कोणाला सुचला आणि काहून सुचला. सरांना विचारलं तर म्हणाले इतिहास आर्ट्सवाल्यांचा, तू सिलॅबस कर. बाबा म्हणतात शिक किती शिकायचं ते पण त्याच्यावर पोट भरते काय ते आधी सांग. स्टॅटिस्टिक्सचे प्रोफेसर पण आहेत आणि प्रोबॅबिलिटीचा इतिहास पण लिहितात असं जगात कोणी आहे का?

उत्तर : आहेत बेटा, आणि चांगले नावाजलेले आहेत. पण बाबांचा प्रश्न आधी घेऊ कारण तो रास्त आहे. "प्रोबॅबिलिटीचा (म्हणजे संभाव्यतेचा) इतिहासकार पाहिजे" अशी जाहिरात पेपरात येत नाही. पगार मिळतो तो संख्याशास्त्राच्या पोस्टचा, आणि इतिहासाचं काम त्या पोस्टवर राहून वर्षानुवर्षं वाढवावं लागतं. या विषयात आज ज्यांची नावं घेतात त्यातल्या बहुतेकांचं असंच झालेलं आहे.

तुझ्यासाठी सगळ्यात आधी सांगावंसं वाटते ते ग्लेन शेफर यांचं. जन्म १९४६चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात केनी नावाच्या छोट्या गावाजवळ शेतावर वाढलेला माणूस. तिथून प्रिन्स्टनला गणित शिकायला गेले, मग पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून अफगाणिस्तानात काम करून आले, परत प्रिन्स्टन आणि १९७३ला संख्याशास्त्रात पीएचडी. १९७६ मध्ये त्यांचं पुराव्याच्या गणितावरचं पुस्तक आलं. त्यातली कल्पना तुला टिपेश्वरच्या बाजूच्या गावातलं उदाहरण घेऊन सांगते. एक जण धावत येऊन म्हणतो नाल्यात बिबट्या आहे. हा माणूस आपल्या अंदाजाने दहात सहा वेळा भरवशाचा. म्हणजे बिबट्या असण्याच्या बाजूने ०.६ एवढा पुरावा झाला. मग उरलेला ०.४ बिबट्या नसण्याचा पुरावा झाला का? नाही ना, तो माणूस भरवशाचा नसला तर त्याच्या बोलण्यावरून आपल्याला काहीच कळत नाही, बिबट्या असेल पण किंवा नसेल पण. तो ०.४ कोणाच्याच बाजूचा नाही. कॉलेजात आपण शिकतो की असण्याची आणि नसण्याची संभाव्यता मिळून १ झालीच पाहिजे, आणि शेफर म्हणतात पुराव्याच्या बाबतीत तशी सक्ती नको.

आता यात इतिहास कुठे आला ते बघ. १९७८ मध्ये त्यांनी एक मोठा लेख लिहिला आणि दाखवलं की स्विस गणितज्ञ जेकब बर्नूलीच्या १७१३ साली छापलेल्या पुस्तकात, त्याच्या चौथ्या भागात, बेरीज १ न होणाऱ्या अशा संभाव्यता आहेतच, पुढच्या लोकांनी त्या बाजूला ठेवल्या आणि विसरले. अडीचशे वर्षांहून जुन्या पुस्तकात आजच्या कामाची गोष्ट पडून होती. म्हणून मला तुझ्या सरांचं म्हणणं पटत नाही, मान ठेवून सांगते. आर्ट्सचा इतिहासकार तिथपर्यंत पोचला असता का? त्याला ती गणितं उलगडली नसती. आणि नुसता गणितवाला पण पोचला नसता कारण तो ते जुनं पुस्तक उघडतच नाही. शेफर पुढे कित्येक वर्षं रटगर्स विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये प्रोफेसर होते, काही वर्षं डीन पण होते, म्हणजे पोस्ट कुठली आणि काम कुठलं बघ! व्लादिमिर व्होव्क यांच्यासोबत त्यांनी रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोवच्या १९३३च्या पुस्तकाची मुळं शोधली, ज्यात संभाव्यतेचे मूळ नियम म्हणजे अ‍ॅक्सिअम मांडले आहेत. आपल्याला ते अ‍ॅक्सिअम वर्गात असे शिकवतात जसे काही एका सकाळी एका माणसाला सुचले, आणि प्रत्यक्षात बोरेल, फ्रेशे अशा कितीतरी लोकांची आधीची वीस-तीस वर्षं त्यात गेलेली होती.

दुसऱ्या एफ. एन. डेव्हिड. पूर्ण नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल डेव्हिड, जन्म १९०९, आईवडिलांची त्या प्रसिद्ध नाइटिंगेलबाईंशी ओळख होती म्हणून हे नाव ठेवलं. गणितात पदवी घेतल्यावर त्यांना विमा कंपनीत अ‍ॅक्चुअरी, म्हणजे जोखमीचा हिशोब करणारी तज्ज्ञ, व्हायचं होतं, पण तिथे फक्त पुरुष घेतात असं उत्तर मिळालं. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे लागल्या. काम काय तर हाताने हँडल फिरवायच्या मशिनवर आकडेमोड, दिवसचे दिवस. १९३८ला त्यांच्या कोरिलेशनच्या (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, त्याच्या) कोष्टकांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी डॉक्टरेट, मग महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तर किती नुकसान होईल याचे अंदाज. आणि हे सगळं करून झाल्यावर १९६२ मध्ये त्यांनी जुगार, देव आणि संभाव्यता यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं ज्याची सुरुवात होते मेंढीच्या पायाच्या घोट्यातल्या हाडापासून. हे हाड चार बाजूंवर पडू शकते, उत्खननात ढिगाने सापडते, ग्रीक-रोमन लोक ते फाशासारखं वापरायचे. डेव्हिडबाईंना पडलेला प्रश्न असा की हजारो वर्षं माणूस हे फेकत होता तर मग कोणती बाजू किती वेळा पडते हे मोजून त्याचं गणित करायला सोळावं-सतरावं शतक का उजाडावं लागलं? त्याचं उत्तर अजून कोणी पूर्ण दिलेलं नाही असं माझं मत आहे. साठच्या दशकाच्या शेवटी त्या कॅलिफोर्नियाला रिव्हरसाइडला गेल्या आणि तिथला संख्याशास्त्राचा विभाग चालवला.

तिसरे स्टीफन स्टिगलर. वडील अर्थशास्त्राचे नोबेलवाले, त्यामुळे त्यांची गोष्ट आपल्यासारख्यांच्या घरची नाही, ते कबूल. पण काम बघ. १९६७ला बर्कलीहून पीएचडी, विषय शुद्ध गणिती, मग विस्कॉन्सिन, १९७९ पासून शिकागो. १९८६ मध्ये १९०० सालाआधीच्या संख्याशास्त्राचा त्यांचा इतिहास आला. त्यांचा एक नियम प्रसिद्ध आहे, कुठल्याही शास्त्रीय शोधाला त्याच्या मूळ शोधकाचं नाव नसते. नॉर्मल कर्व्हला, त्या घंटेच्या आकाराच्या आलेखाला, आपण गॉसचा म्हणतो, पण द म्वाव्हरने १७३३ मध्येच तो मांडला होता. आणि हा नियम सुद्धा स्टिगलर यांचा नाही, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

आता हे लोक रोज नेमकं करतात काय, ते एका उदाहरणात सांगते म्हणजे बाबांना पण वाचून दाखवता येईल. समज पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात कबड्डी आहे, दोन टीम बरोबरीच्या, जो तीन मॅच आधी जिंकेल त्याला ६४०० रुपये. एक टीम २, दुसरी १, आणि पाऊस आला, खेळ बंद. पैसे कसे वाटायचे? १४९४ साली पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने छापलेली पद्धत अशी की जिंकलेल्या मॅचच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक. गावात विचारलं तर दहातले आठ जण हेच म्हणतील. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहून याच प्रश्नाचा निकाल लावला. पास्कल म्हणतो, झालेल्या मॅच सोडा, पुढे काय होऊ शकते ते बघा. पुढची मॅच पहिली टीम जिंकली तर सगळे ६४०० तिचे, हरली तर २-२ बरोबरी म्हणजे ३२०० तरी तिचेच. ३२०० तर पक्के झाले, उरलेल्या ३२०० वर अर्धा हक्क. म्हणून ४८०० आणि १६००. तीनास एक. पास्कलच्या पत्रात ६४ मोहरा आहेत आणि उत्तर ४८ आणि १६. इतिहासकाराचं काम इथे सुरू होते, ती पत्रं मूळ भाषेत वाचायची, पास्कलची रीत आणि फर्माची रीत वेगळी कशी ते उलगडायचं, पाचोलीची पद्धत लोकांना का बरोबर वाटली ते समजून घ्यायचं. आणि तू हे एकदा केलंस ना की एक्स्पेक्टेशनचा (सरासरीने किती मिळेल त्याचा) फॉर्म्युला तुला पाठ करायची गरजच राहत नाही.

रस्ता असा. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स कर, अमरावती किंवा नागपूर विद्यापीठात होते, पुण्याचा विभाग जुना आणि नावाजलेला आहे, १९५३ मध्ये व्ही. एस. हुजूरबाजार यांनी सुरू केला, आणि हे हुजूरबाजार कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे आणि तिथे विद्यार्थ्यांना स्टायपेंड मिळतो, ही गोष्ट बाबांना नक्की सांग. एमएस्सीनंतर नेट किंवा सेट, मग पीएचडी. पीएचडी घेताना विषय ठोस संख्याशास्त्राचाच घे, पूर्ण इतिहासाचा नको, कारण निवड समितीसमोर तेच चालते. पहिले दोन-तीन पेपर गणिताचे येऊ दे. आणि मध्येच घरची अडचण आली तर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, सरकारी नोकरी, तिथेही याच विषयाचे पेपर असतात. म्हणजे पोट भरते, बाबांना माझ्याकडून सांग.

सोबत फ्रेंच शिकायला लाग, मोबाइलवर शिकता येते, फ्रेंच गणितज्ञ लाप्लास वगैरे मुळातून वाचायचा तर लागतेच. या वर्षी प्रोजेक्ट असेल तर पुढचा प्रश्न वाच, त्यात तुझ्यासाठी एक विषय सांगितला आहे.

प्रश्न : ताई, मी कास्तकार हाय, दिग्रस तालुका. पीक विम्यासाठी कापणी प्रयोग करते, आमच्या अख्ख्या सर्कलमध्ये मोजक्या वावरात. माह्या सोयाबीनचं पाण्यानं वाटोळं झालं, प्रयोग झाला दुसऱ्याच्या चढाच्या वावरात अन् मग म्हणते सर्कलचं उत्पन्न बरं हाय, विमा बसत नाही. हजारो वावरं अन् इतकेसे प्लॉट, हे कोनतं गणित हाय? पोराच्या अंकात तुमचं वाचलं म्हनून इचारतो.

उत्तर : भाऊ, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत आणि तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत, एकात एक मिसळली की कोणीही तुम्हाला गप्प बसवू शकते, म्हणून सुटी सुटी करून सांगते. बाकी वाचकांसाठी, सर्कल म्हणजे महसूल खात्याने धरलेला काही गावांचा गट, आणि कापणी प्रयोग म्हणजे निवडलेल्या वावरात ठरावीक मापाचा प्लॉट आखून त्यातलं पीक कापून तोलायचं.

पहिला, थोड्या वावरांवरून सगळ्या सर्कलचा अंदाज निघू शकते का. निघू शकते. एकूण वावरं किती आहेत यापेक्षा प्लॉट किती घेतले आणि वावरा-वावरात फरक किती आहे याच्यावर अंदाजाची चूक ठरते. पण चूक कशी कमी होते ते लक्षात ठेवा, चूक निम्मी करायची तर प्लॉट दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. हे वर्गमुळाचं गणित लोकांना समजायला फार काळ लागला. लंडनच्या टांकसाळीत तेराव्या शतकापासून एक चाचणी चालत आली, पाडलेल्या नाण्यांतून थोडी थोडी पेटीत टाकायची आणि मग सगळी एकत्र तोलायची, वजन ठरलेल्या फरकाच्या आत असलं की टांकसाळवाला सुटला. आता एका नाण्याला जेवढा फरक चालतो, १०० नाण्यांना त्याच्या शंभरपट फरक त्यांनी चालवून घेतला. खरं तर काही नाणी जड काही हलकी, एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून दहापट सूट पुरेशी होती. स्टिगलर यांनी, वरच्या उत्तरात ज्यांचं नाव आलं त्यांनी, १९७७ मध्ये यावर लेख लिहिला. शेकडो वर्षं चाचणी चालली आणि सूट गरजेपेक्षा फार मोठी होती. तुमच्या सर्कलमध्ये एका भागात चढाची जमीन आणि एका भागात नाल्याकाठची काळी असेल तर फरक मोठा, आणि तिथे मोजक्या प्लॉटवर येणारी चूक पण मोठी. ही तुमची तक्रार गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे.

दुसरा प्रश्न, प्रयोगाचं वावर कोण ठरवते. गाव, सर्व्हे नंबर आणि वावरातली प्लॉटची जागा, सगळं रँडम, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या, आकड्यांवरून निघालं पाहिजे, सोयीचं वावर म्हणून नाही, रस्त्याला लागून म्हणून नाही, पीक चांगलं दिसते म्हणून नाही आणि वाईट दिसते म्हणून पण नाही. एकदा का माणसाने हाताने वावर निवडलं की मागचं सगळं गणित मोडते, मग प्लॉट दहा घ्या की हजार घ्या. म्हणून प्रयोगाच्या दिवशी चार जण मिळून वावरात हजर राहा, सर्व्हे नंबर कसा निघाला ते शांतपणे विचारा, प्लॉटची दोरी कुठून टाकली ते बघा, जमलं तर फोटो घ्या.

दोरीवरून सांगते, या दोरीवर आपल्या देशात फार मोठा वाद झाला होता. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाचे आणि भाताचे सर्व्हे करताना अगदी छोटे प्लॉट घेतले, काही फुटांचं वर्तुळ, म्हणजे काम झटपट होते आणि जास्त जागी करता येते. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९११चा जन्म, लंडनला पीएचडी, पुढे वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. ते म्हणाले छोट्या प्लॉटमध्ये काठावरचं झाड आत धरायचं की बाहेर हा प्रश्न सारखा येतो आणि कापणाऱ्याचा हात नकळत झाड आत घेतो, त्यामुळे उत्पन्न फुगून दिसते. त्यांनी एकाच ठिकाणी लहान-मोठे प्लॉट कापून ते दाखवलं, १९४७ मध्ये अमेरिकेच्या जर्नलमध्ये पेपर आला. महालनोबिस यांचं म्हणणं होतं की नीट शिकवलेली माणसं असली की छोटा प्लॉट चालते. मला स्वतःला सुखात्मे यांची बाजू जास्त पटते, कारण हजारो माणसांकडून काम करून घ्यायचं तर ज्या पद्धतीत चुकायला जागा कमी तीच घ्यावी.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर गणितात नाहीच. सर्कलची सरासरी म्हणजे तुमचं वावर नव्हे. प्रयोग शंभर टक्के बरोबर झाला तरी तुमचं नुकसान त्यात दिसणार नाही, कारण विमा सर्कलच्या सरासरीवर बसवला आहे. उंबरठा उत्पन्न काढतात ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन आणि ती जोखीमस्तराने, म्हणजे योजनेत ठरवलेल्या टक्केवारीने, गुणून, त्याच्या खाली सर्कलची सरासरी गेली तरच कापणी प्रयोगावरून पैसे. हा योजना बनवणाऱ्यांनी घेतलेला निर्णय आहे, युनिट मोठं ठेवायचं की गाव धरायचं हा, आणि त्याविरुद्ध बोलायचं तर ते ग्रामसभेत, तालुक्याला, आमदाराकडे बोलायचं. संख्याशास्त्राने तसं सांगितलं असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आणि पुसदच्या पोरीसाठी, विषय हा घे. रँडम प्लॉट टाकून कपाशीचं उत्पन्न मोजायचे सुरुवातीचे सर्व्हे १९४०च्या दशकात आपल्याच भागात, तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात झाले, व्ही. जी. पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी केले आणि त्यावर त्या वेळी 'करंट सायन्स' मध्ये लिहिलं. पानसे इंदूरच्या कापूस संशोधन संस्थेत होते, सुखात्मे यांच्यासोबत त्यांनी १९५४ला शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली पोरं ओळखतात. 'करंट सायन्स'चे जुने अंक नेटवर फुकट आहेत. ते लेख काढ, त्यात कोणती पद्धत वापरली ते लिही, मग तुझ्या तालुक्यात आज प्रयोग कसा होते ते दोन-चार ठिकाणी उभी राहून बघ आणि दोन्ही शेजारी ठेव. हा विषय इथल्याच पोराने-पोरीने हातात घ्यावा असं मला फार वाटते, वावर ज्याने पाहिलं आहे त्याला काठावरच्या झाडाचा वाद एका मिनिटात समजते.

प्रश्न : आमच्या तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर आहे. मध्यंतरी एका व्याख्यानात ऐकलं की संभाव्यतेचं शास्त्र मूळ महाभारतातलं आहे, नल-दमयंतीच्या गोष्टीत आहे. खरं काय?

उत्तर : गोष्ट खरी आहे आणि तुमच्या तालुक्याच्या वाटेवरचीच आहे! वनपर्वात राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी अयोध्येहून विदर्भाकडे निघतो, सारथी बाहुक म्हणजे वेश बदललेला नल. वाटेत एक बेहड्याचं झाड लागते. आपल्या मेळघाटात आहे तेच बेहडा. ऋतुपर्ण रथातूनच सांगतो की या झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नल हट्टाने थांबतो, झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण म्हणतो मला फाशांचं रहस्य माहीत आहे आणि मोजण्याची विद्या पण, आणि घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात ती नलाला देतो. याच विद्येवर नल पुढे जुगारात हरलेलं राज्य परत जिंकतो. दमयंतीच्या वडिलांची राजधानी कुंडिनपूर म्हणजेच कौंडण्यपूर ही आपल्याकडची समजूत आहे.

मोजण्याची विद्या आणि फासे एकाच माणसाकडे, एकाच श्वासात, ही फार विलक्षण गोष्ट आहे, आणि कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७५च्या त्यांच्या संभाव्यतेच्या इतिहासात तिची दखल घेतलेली आहे. बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरायचे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात ती आहेत. पण म्हणून संभाव्यतेचं शास्त्र तिथे होतं असं मी म्हणणार नाही. शास्त्र म्हणायला रीत लागते, आणि ऋतुपर्णाने आकडा कसा काढला ते गोष्टीत कुठेच नाही. रीत हवी असेल तर ती नवव्या शतकात महावीराचार्यांकडे आहे, न वस्तूंतून र वस्तू किती प्रकारे निवडता येतात याचा नियम त्यांनी दिला, आणि ११५०च्या लीलावतीत भास्कराचार्यांनी अंकांच्या मांडण्या मोजल्या. ही मोजणी म्हणजे संभाव्यतेचा अर्धा भाग, तो आपल्याकडे पास्कलच्या कितीतरी शतकं आधी तयार होता. ती मोजणी फाशावर लावून "या दानाची शक्यता इतकी" असं लिहिलेलं मात्र माझ्या वाचनात नाही. व्याख्यानात मोठा दावा केला की टाळ्या मिळतात, पण खरी गोष्ट एवढी चांगली असताना ती वाढवून सांगायची गरजच काय?

प्रश्न : आमच्या गावात पोरं आकडा लावते. म्हणते सात बरेच दिवस आला नाही म्हणजे आता येईलच. समजावून सांगा.

उत्तर : चिठ्ठीला, फाशाला, मशीनला मागचं काही आठवत नाही, सात पंधरा दिवस आला नसेल तरी उद्याची शक्यता काल होती तेवढीच. पोरांना वेडं म्हणू नका, अठराव्या शतकात द'लांबेर सारखा मोठा फ्रेंच गणितज्ञ पण हेच मानायचा की बऱ्याच वेळा छापा पडला की आता काटा पडायची शक्यता वाढते. १७५४ मध्ये त्याने असंही लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश, बरोबर उत्तर तीन-चतुर्थांश. त्या पोरांना शाळेच्या फळ्यासमोर बसवून चारी शक्यता लिहायला लावा, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, स्वतःच्या हाताने लिहिलं की पटते. आणि आकडा लावणं बेकायदेशीर आहे आणि जिंकल्यावर मिळणारे पैसे नेहमी शक्यतेच्या मानाने कमीच ठेवलेले असतात, म्हणजे जितका जास्त खेळ तितकं नुकसान पक्कं, हे त्यांच्या आईबापांसमोर सांगा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला गणित शिक्षक, भंडारा जिल्हा. वय ६६. संभाव्यतेचा इतिहास वाचायला घ्यावा म्हणतो, आता या वयात काही पदरात पडेल का? गणित बारावीपर्यंतचं चांगलं आहे.

उत्तर : सर, अँडर्स हाल्ड नावाचे डॅनिश संख्याशास्त्रज्ञ होते, १९१३चे, कोपनहेगनला प्रोफेसर. १९८२ मध्ये निवृत्त झाले आणि नंतर इतिहासात पूर्ण उतरले. १७५० सालापर्यंतचा त्यांचा इतिहास १९९० मध्ये आला तेव्हा ते ७७ वर्षांचे होते, आणि १७५० ते १९३० पर्यंतचा दुसरा खंड १९९८ मध्ये, म्हणजे ८५व्या वर्षी. आजही या विषयात अडलं की लोक हाल्ड उघडतात. तुमच्या हातात भरपूर वेळ आहे.

सुरुवात मोठ्या ग्रंथाने करू नका. टॉडहंटरचा १८६५चा इतिहास नेटवर फुकट मिळते, पण तो सलग वाचायला रुक्ष आहे, अडल्यावर बघायला ठेवा. पहिलं घ्या डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सचं १६५७चं छोटं पुस्तक, इंग्रजी भाषांतर मिळते, त्यात फक्त १४ प्रमेयं आहेत, बारावीच्या गणिताला जड नाहीत, आणि शेवटी पाच उदाहरणं वाचकासाठी सोडलेली आहेत. त्यावर बर्नूली, द म्वाव्हर सगळ्यांनी हात चालवले. ते झालं की द म्वाव्हर घ्या, तो इंग्रजीतच लिहितो आणि शिक्षकासारखा समजावतो, मग १७६३चा बेझ यांचा निबंध, जो त्यांच्या मरणानंतर मित्र रिचर्ड प्राइस यांनी छापायला पाठवला. वाचताना प्रत्येक उदाहरण आधी स्वतः सोडवा आणि मग त्यांची रीत बघा, तुम्ही चाळीस वर्षं फळ्यावर हेच केलं असेल.

ह्यूजेन्सच्या पाचातलं पहिलं इथेच देते. अ आणि ब दोन फाशांनी खेळतात. अ ला ६ पडले की तो जिंकला, ब ला ७ पडले की तो जिंकला. आधी अ एकदा फेकतो, मग ब दोनदा, मग अ दोनदा, मग ब दोनदा, असं कोणी जिंकेपर्यंत चालू. दोघांच्या जिंकण्याच्या शक्यतांचं प्रमाण काय? उत्तर १०३५५ ला १२२७६ येते. रीत भूमिती श्रेढीची आहे, नववी-दहावीच्या पोरांना घेऊन सोडवून पाहा आणि त्यांच्यातल्या कोणाची रीत तुमच्यापेक्षा सोपी निघाली तर मला पाठवा, पुढच्या अंकात त्या पोराच्या नावाने छापते.